जांभळ्या कागदातलं घड्याळ

आमच्या घरात सात घड्याळं होती आणि वेळ विचारायला मी शेजारी जायचो.

नव्वद-पंच्याण्णवच्या सुमाराचं कळंबोली. रोज कुणीतरी नवीन फ्लॅटमध्ये राहायला यायचं, म्हणजे रोज कुठेतरी वास्तुशांत, आणि वास्तुशांतीचा आहेर म्हणजे भिंतीवरचं घड्याळ. आमच्या वास्तुशांतीत सात आली. ती उघडायची नसतात. कागदासकट माळ्यावर ठेवायची आणि आमंत्रण आलं की त्यातलं एक उचलून पुढे द्यायचं. (आपल्याकडेही ती तशीच आली असतील, हा विषय आमच्यात निघत नसे.)

त्या वर्षी मला सहा हजार बोनस मिळाला. घरी मी सांगितलं, "यंदा बोनस नाही." बायकोला, म्हणजे सुनंदाला, वॉशिंग मशीन हवं होतं आणि मला सेकंडहँड स्कूटर. समोरासमोर माझी स्कूटर टिकली नसती. म्हणून मी नोटा माळ्यावरच्या एका घड्याळाच्या खोक्यात सरकवल्या. जांभळा कागद, त्यावर सोनेरी मोर. मी स्वतःच्या डोक्यावर बेहद्द खूश होतो.

पंधरा दिवसांनी स्कूटरवाल्याला पैसे द्यायचे ठरले. माळ्यावर चढलो तर मोर गायब.

"सुनंदा, इथे सात घड्याळं होती ना?"

"आता सहा. एक मागच्या रविवारी वरच्या काळ्यांना दिलं. का हो?"

"काही नाही. सहज."

"सहज माळ्यावर चढलात?"

पैशांचं बोलावं तर बोनस उघडा पडणार! मी झुरळांचं काहीतरी पुटपुटलो. माझा पडलेला चेहरा बघून तिने मला आनंदाची बातमी दिली. तिला भिशी लागली होती आणि शनिवारी वॉशिंग मशीन येणार होतं. "बघ, याला म्हणतात काटकसर," मी म्हणालो. (हे वाक्य मी अजून विसरायचा प्रयत्न करतोय.)

काळ्यांकडे रिकाम्या हाताने कसं जायचं? अर्धा किलो बर्फी घेतली.

"वहिनी, त्या घड्याळाचं गॅरंटी कार्ड आमच्याकडे राहिलं. खोकं जरा दाखवता?"

काळेवहिनी गडबडल्या. "घड्याळ ना... छानच आहे हो."

"कुठे लावलंत?"

त्यांनी भिंतीकडे पाहिलं. मीही पाहिलं. भिंतीवर नुसता खिळा होता. शेवटी काळेच कबूल झाले, "हिच्या बहिणीने खारघरला फ्लॅट घेतला ना, तिला..."

खारघरला तेव्हा बिल्डिंगींपेक्षा डोंगरच जास्त. एक कॅसेरोल विकत घेऊन बहिणीचं घर शोधलं.

"तुम्ही ताईचे कोण?"

"शेजारी. गॅरंटी कार्डासाठी आलोय."

"आमच्या घड्याळाचं कार्ड तुमच्याकडे कसं?"

"तुमचं नाही, काळ्यांचं. म्हणजे आमचंच. पण काळ्यांनी दिलं ते तुमचं."

बोलता बोलता घड्याळ नक्की कुणाचं हे मलाच कळेनासं झालं. बाईंना तर मी कॅसेरोल विकायला आलोय असंच वाटत होतं. तेवढ्यात आतून त्यांचा नवरा ओरडला, "ते मी मुल्लाशेठना दिलं! त्यांच्या ऑफिसच्या ओपनिंगला!"

मुल्लाशेठ लोखंडाचे व्यापारी. ऑफिस कुठे? कळंबोलीच्या लोखंड बाजारात, माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. तिथे मी काजूकतली घेऊन गेलो.

"घड्याळं लई आलीत," मुल्लाशेठ म्हणाले. "सगळी पनवेलला घरी पडलीत, उघडायला टाइम कोणाला आहे? तुमी चहा घ्या. आमी कार्ड बघून काय करणार? चालला तर चालला."

माणूस इतका दिलदार की 'तुमच्या घराची झडती घेऊ द्या' असं म्हणवेना. विचार करून करून माझं डोकं शिणलं. मग लक्षात आलं, त्यांच्या घरातून घड्याळ बाहेर पडायचा एकच रस्ता आहे, आपल्या घरी कार्य काढायचं!

आमच्या मीनूचा वाढदिवस चार महिने लांब होता. मी तो पुढच्या रविवारी ठेवला.

"आत्ता?" सुनंदा म्हणाली.

"तेव्हा परीक्षा असते गं."

"पहिलीची?"

केक, चाळीस सामोसे, फुगे. (स्कूटरचं एक चाक तिथेच गेलं.) मुल्लाशेठ सहकुटुंब आले आणि मीनूच्या हातात जांभळा कागद ठेवला. त्यावर सोनेरी मोर! माझे डोळे भरून आले. मुल्लाशेठना वाटलं, लेकीच्या कौतुकाने.

पोरीच्या हातातून खोकं ओढून घेऊन मी स्वयंपाकघरात पळालो. कागद फाडला. घड्याळ निघालं, सेल निघाला, गॅरंटी कार्डसुद्धा निघालं. नोटा नाहीत. खोकं उलटं करून आपटत होतो, तोच सुनंदा सामोशांची रिकामी थाळी घेऊन आत आली.

"काय शोधताय?"

"गॅरंटी कार्ड."

"ते तुमच्या हातात आहे."

तिने थाळी शांतपणे ओट्यावर ठेवली.

"अहो, आत कुणाच्या नावाची चिठ्ठी राहिलीय का, ते बघितल्याशिवाय मी कधी आहेर पुढे देते का?"

न्हाणीघरात वॉशिंग मशीन घरघरत होतं. भिशीच नव्हती, तर लागणार कुठून!

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"काय सांगणार? तुम्हाला तर यंदा बोनसच नव्हता."

स्कूटर शेवटी काळ्यांनी घेतली. मी तेव्हापासून पगार आणि बोनस सरळ सुनंदाच्या हातात देतो. ती ते ठेवते कुठे, हे मात्र मला अजून कळलेलं नाही. माळा तीनदा बघून झालाय.