कंटेनर जाईपर्यंत

आमचं लग्न झालं तेव्हा कामणच्या घरात माणसं इतकी, की नवरा-बायकोला दोन शब्द बोलायचे तर मोटारसायकलवर बसावं लागे. दर रविवारी मी हिला होळीला, म्हणजे त्या नावाच्या हिच्या माहेरगावी, आईकडे घेऊन जायचो. येताना आमच्या दोघांच्या मधे भाजीची पिशवी असायची. मुलीची शाळा, फ्रिज, वेगळी चूल मांडायची की नाही, सगळं त्या रस्त्यावर ठरलं.

भिवंडीकडचा कंटेनर शेजारून धडधडत जाऊ लागला की काही ऐकू येत नसे. ही तेवढ्यापुरती गप्प बसायची आणि तो पुढे गेला की जिथे थांबली होती तिथूनच, अर्ध्या वाक्यापासून, सुरू करायची. पुन्हा पहिल्यापासून कधीच नाही. मला त्याचं फार कौतुक वाटायचं.

मग हेल्मेटं आली आणि आमच्या संसाराची बोलतीच बंद झाली. ही मागून ओरडायची, मी न ऐकताच 'हां हां' करायचो. पुढे हिची आई गेली आणि होळीला जायचं निमित्तही संपलं. घरात आता आम्ही दोघंच. कोणाची आडकाठी नाही, तरी बोलणं गॅस संपला, दूध आणा एवढंच उरलं. त्या रस्त्याची मला फार आठवण यायची. हिला येते का, हे विचारायचा धीर होत नव्हता.

दिवाळीला मुलीने हेल्मेटात बसवायचा संच आणला, आतल्या आत एकमेकांशी बोलता येईल असा. हिचं लगेच जमलं. माझा उजवा कान सातिवलीच्या कारखान्यातल्या प्रेसच्या आवाजाने कधीच खाल्लेला, आणि डाव्याला तो स्पीकर पुरेना. मुलगी म्हणाली, स्पीकरची पिन काढून साधा इअरफोन लावा. लावला, पण हेल्मेट घालताना दर वेळी तो कानातून निघून गळ्यात यायचा. हिच्या आईच्या वर्षश्राद्धाला होळीला निघताना तर मी वैतागून हेल्मेट ओट्यावर आपटणार होतो. हिने इअरफोन माझ्या कानात बसवला, वरून माझाच रुमाल घट्ट बांधला आणि हेल्मेट फाकवून अलगद खाली उतरवलं.

जाताना ही फारसं बोलली नाही. परतताना कामण जवळ आलं तेव्हा हिचा आवाज थेट कानात आला.

"आई तं आता नाय. मंग होळीला..."

शेजारून कंटेनर आला आणि ही गप्प झाली. खरं तर आता थांबायची काहीच गरज नव्हती, मला हिचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. 'कशाला जायाचं' असं म्हणेल या भीतीने मी हँडल घट्ट धरून ठेवलं. कंटेनर पुढे निघून गेला.

"...दर रविवारी जायाचं. काय काम नसलं तरी."

मी 'हां' म्हटलं. या वेळी ऐकून.