तुळईखालची जागा

आमचे हे कचेरीत कारकून होते. आयुष्यभर दुसऱ्यांचे अर्ज वाचले, नोंदले, बांधून ठेवले. स्वतःचा अर्ज लिहायची वेळ एकदाच आली, आणि तेव्हा त्यांनी जे काही केलं ते आठवलं की अजून माझं डोकं फिरतं.

पंचावन्न-छप्पनचा सुमार असेल. रत्नागिरीला झाडगावात आम्ही अर्धं घर भाड्याने घेतलं होतं. उरलेल्या अर्ध्यात घरमालक एकटेच राहायचे. बायको वारलेली, मुलगा मुंबईला नोकरीला. सगळी आळी त्यांना काका म्हणायची, म्हणून आम्हीही काकाच म्हणायचो. माणूस गोड होता. झाडावरचं पहिलं शहाळं उतरवलं की आमच्या दारात आणून ठेवणार, आमच्या तान्ह्या पोरीला बघून टाळ्या वाजवणार. फक्त घराबद्दल काही बोललं की त्यांना ऐकू कमी यायचं.

आमच्या वाट्याला बाहेरचं माजघर, त्याला लागून एक लहान खोली, आणि मागे स्वयंपाकघर. माजघरावर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एक जाडजूड तुळई होती. माळ्याचा, छपराचा सगळा भार तिच्यावर. पाळण्याच्या कड्याही तिलाच. माझी मुलगी तेव्हा तीन महिन्यांची. एक दिवस सकाळी तिच्या दुपट्यावर पिठासारखं काहीतरी पडलेलं दिसलं. झटकून टाकलं. दुसऱ्या दिवशी परत. तिसऱ्या दिवशी ते तिच्या पापण्यांवर होतं. वर बघितलं, तर तुळईला भोकंच भोकं, आणि पाळण्याला झोका दिला की भुरभुर भुगा. वाळवी लागली होती. मी त्याच क्षणी पोरीला उचललं, पाळणा सोडला आणि आम्ही तिघं आतल्या खोलीत निजायला लागलो. तिथलं लाकूड तरी धड होतं. पण स्वयंपाकघरात जा, विहिरीवर जा, बाहेर अंगणात या, वाट त्या तुळईखालूनच. पोर कडेवर असली की मी ती वाट पळत ओलांडायची. स्वतःच्या घरात पळायचं!

काकांना बोलावून आणलं. त्यांनी स्टुलावर चढून तुळईवर टकटक केलं आणि माझ्याकडे बघून हसले.

"सूनबाई, आजोबांच्या वेळचं सागवान आहे हे. जुन्या लाकडाला भुगा यायचाच. म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यात कोंडा होत नाही?"

"कोंडा डोक्यावरून पडतो, काका. इथे डोक्यावर सगळं छप्पर पडेल."

"बदलायचीच आहे हो. पण सुतार कुठायत? सगळे पोफळीला गेले. तिकडे सरकार डोंगर पोखरून वीज काढतंय."

"इथे वाळवीनेही पोखरायचं काही बाकी ठेवलेलं नाही," मी म्हटलं. काकांना ऐकू आलं नाही.

मग घरांची पाहणी करणारी जी कचेरी होती, तिथे अर्ज करायचं ठरलं. ह्यांनी तीन रात्री खर्ची घातल्या. अर्ज वाचून मी कपाळावर हात मारला. सुरुवातीलाच, 'घर हवेशीर असून घरमालक अत्यंत सज्जन व प्रेमळ गृहस्थ आहेत.' पुढे विहिरीच्या पाण्याची स्तुती. तुळई कुठे तर शेवटच्या दोन ओळींत, 'किंचित धोकादायक वाटते, तरी सवडीने पाहणी व्हावी, ही विनंती.'

"हा तक्रारीचा अर्ज आहे की मुलीच्या स्थळाची माहिती?" मी विचारलं.

"अगं, शेजारी राहायचं आहे. मन दुखवून कसं चालेल?"

एवढ्यावर थांबले असते तर ठीक. पण यांचं म्हणणं, काकांना मागाहून दुसऱ्याकडून कळलं तर त्यांना वाईट वाटेल. म्हणून अर्ज घेऊन गेले काकांकडेच, वाचायला! मी दारातून बघत होते. काकांनी चष्मा लावला, शांतपणे दोनदा वाचला, आणि म्हणाले, "अक्षर सुरेख आहे हो तुमचं. तेवढा 'धोकादायक' शब्द जरा टोचतो. 'वयस्कर' घाला." यांनी घातला. आमच्या घराची 'किंचित वयस्कर' तुळई सवडीने बघून जावी, असा तो अर्ज शेवटी रवाना झाला. मी दोन दिवस यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी बोलले, तेव्हा न बोललेलं बरं होतं असं त्यांना वाटलं असेल.

महिन्याने त्या कचेरीतले ओव्हरसियर आले. काकांनी त्यांना आधी आपल्याकडे बसवून पोहे खायला घातले, वर कोकमाचं सरबत. मग सगळे आमच्याकडे. मी खुर्ची मांडली ती मुद्दाम तुळईच्या बरोबर खाली. ओव्हरसियरांनी वर पाहिलं, आणि बसायच्या आधी खुर्ची हळूच भिंतीकडे ओढून घेतली. तिथे बसून त्यांनी कागदावर लिहिलं, 'तूर्त धोका दिसत नाही.'

"मग खुर्ची का हो सरकवली?" मी विचारलं.

"उजेड बरा आहे इकडे," ते म्हणाले. हे जमिनीकडे बघत उभे राहिले. मला रडू कोसळलं, ते दुःखाचं नव्हतं. संतापाचं होतं.

अशात श्रावण संपत आला. काकांच्या घराण्याचा गणपती बसायचा तो पिढ्यान् पिढ्या आमच्याच माजघरात. जागा भाड्याने देताना ती एक अट होती, गौरी-गणपतीचे दिवस माजघर देवाचं. माझ्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. मी काकांना अंगणात गाठलं आणि साळसूदपणे म्हटलं, "काका, यंदा बाप्पाच्या मुकुटावर भुगा पडणार. आणि आरती चालू असताना तुळईच खाली आली, मूर्ती भंगली, तर हो?"

काकांचा चेहरा पांढराफटक पडला. या खेपेला सगळं स्वच्छ ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुतार हजर! पोफळीहून आला की आभाळातून पडला, देव जाणे. त्याने पटाशी तुळईला लावून नुसती दाबली, तर मुठीपर्यंत आत. "आतनं काय उरलंच नाय," तो म्हणाला. "कवा बी येईल." काका मटकन ओट्यावर बसले. मी मनात म्हटलं, जिंकले ग बाई.

कसली जिंकतेय! संध्याकाळी काका आले, चेहऱ्यावर मोठी काळजी मिटल्याचं समाधान. म्हणाले, "भटजींना विचारून आलो. जागा बदलली तरी दोष नाही. यंदा गणपती तुमच्या आतल्या खोलीत बसवू. तिथे काही भीती नाही. सण झाला की बघू तुळईचं."

"आणि आम्ही निजायचं कुठे?"

"माजघर मोकळंच आहे की आता," काका म्हणाले.

त्यांच्या बोलण्यात कपट नव्हतं हो. हेच तर भयंकर होतं. त्यांच्या मनात ते आलंच नव्हतं. आणि आमचे हे मान डोलावत होते! घरात आधी देवाची सोय व्हायला नको का, असं काहीतरी पुटपुटले. बोलून भागणार नव्हतं, ते मला कळून चुकलं होतं.

चतुर्थीला मूर्ती आली, आतल्या खोलीत चौरंगावर बसली. प्राणप्रतिष्ठा झाली, आरती झाली, लोक पांगले. मग मी कपड्यांचा मोठा वेताचा हारा रिकामा केला, त्यात जुन्या लुगड्याची मऊ धडपी घातली, वर दुपटं, आणि पोरीला त्यात निजवून हारा नेऊन ठेवला चौरंगाच्या शेजारी, समईपासून हातभर अंतरावर.

"अगं, हे काय? सोवळं-ओवळं काही?" काका कळवळले.

"त्यालाही आई आहे, काका. त्याला कळतं."

"लोक काय म्हणतील!" हे म्हणाले.

"तेच ऐकायचंय मला," मी म्हटलं.

दर्शनाला अख्खी आळी यायची. जो येईल तो विचारायचा, बाळ इथे कशाला? मी मोदक हातावर ठेवत सांगायची, "माजघराची तुळई पडणार आहे. काकांनीच सुतार आणून खात्री केली. म्हणून देवाला आत आणलंय." लोक दारातून तुळईकडे बघायचे, मग काकांकडे बघायचे आणि माजघरातून भराभर बाहेर पडायचे. ओव्हरसियरही येऊन गेले. त्यांनी हात जोडले, हाऱ्याकडे बघितलं, प्रसाद न घेताच निघाले. पण तुळई होती तिथेच होती.

गौरी आल्या त्या दिवशी काकांची थोरली बहीण माहेरवाशीण म्हणून गुहागरहून आली. आक्का म्हणायचे तिला. सत्तरीची बाई, आवाज असा की माडावरचे कावळे उडावेत. तिनेही विचारलं, "काय गो, पोर देवापाशी का?" मी सांगितलं. तिने भावाला हाक मारली. काका येऊन उभे राहिले, शाळेत उशिरा पोचलेल्या पोरासारखे.

"ही खरं बोलते?"

"आक्का, मूर्तीला काही झालं असतं तर..."

"अरे मेल्या, त्या मूर्तीला तर परवा तूच समुद्रात बुडवणार आहेस! ही पोर कुठे बुडवायचीय?"

आक्का पुढे एवढंच म्हणाली, की नवी तुळई चढल्याशिवाय मी गुहागरला परत जात नाही. कचेरीला केलेल्या अर्जाला न घाबरलेले काका त्या एका वाक्याला घाबरले.

विसर्जनाच्या दुसऱ्याच दिवशी टेकू लावून जुनी तुळई उतरवली. खाली ठेवताना मधोमध तिचे दोन तुकडे झाले. काकांनी वाकून पोकळीत हात घातला, तर कोपरापर्यंत गेला. मग उठले, धोतराला हात पुसला, माझ्या कडेवरून मुलीला घेतलं आणि तिला घेऊन अंगणात लांब जाऊन उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. हे तिथेच भिंतीला टेकून खाली बसले.

माझा राग तिथेच निवळला, असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल. पण नाही निवळला. माणसं वाईट नव्हती, दोघंही नव्हती, माझ्या पोरीवर त्यांचा जीव होता. तरी देवाला एका संध्याकाळीत धड जागा मिळाली, आणि माझ्या मुलीला ती मिळायला देवाच्या शेजारी जाऊन निजावं लागलं. ते मी त्यांना कधीच माफ केलं नाही.