काळी चारवरून खाली
दादा पुण्याहून ती कॅसेट घेऊन आला तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. भीमगीतं गाणाऱ्या माणसाला विलायती रॉक बँड कशाला हवा? वर म्हणतो कसा, "ह्या गायकाची बँडसंगं ही शेवटची. मग त्यानं बँड सोडला." हे मला ऐकवायचं कारण काय?

आमची गायनपार्टी होती. दादा गायचा, मी ढोलकीवर. त्या बँडची जुनी एक कॅसेट घरात होती. तिच्यात हाच गडी शेपटीवर पाय पडल्यासारखा किंचाळायचा. नवीन कॅसेटमध्ये मात्र खालच्या सुरात, संथ गात होता. दादा म्हणाला, "ह्याला ब्लूज म्हनत्यात. तिकडं शेतात राबनाऱ्या काळ्या मानसांचं गानं. आपलंच समज." ऐकायला लई बरं होतं, खोटं कशाला बोलू. पण दादाही आपली पार्टी सोडणार, हा संशय जाईना.

त्यात दादा आळेफाट्याला दुसऱ्या पार्टीच्या गायकाबरोबर चहा पिताना दिसला. भीमजयंतीला कळंबमध्ये ज्याच्याशी गाण्याचा सामना, त्याच्याशीच चहा! आणि पुढच्याच तालमीला मला म्हणतो, "ढोलकी उतरव. पेटीची काळी चार नको, काळी दोनला गाऊ." सामन्यात आपणहून सूर उतरवायचा म्हणजे कुस्तीआधीच पाठ टेकायची. दादा फुटला, अशी माझी खात्रीच झाली. रागारागात मी ढोलकी उतरवली.

सामन्यात दादा त्या कॅसेटसारखाच संथ गायला. लोक आधी कुजबुजले, मग माना डोलवू लागले. मीसुद्धा चिडायचं विसरलो. तेवढ्यात कुणीतरी जुन्या गाण्याची फर्माईश केली आणि सवयीनं दादा वरच्या सुराला गेला. तोंड उघडलं, आवाजच निघेना. माझा हात थबकला. समोरच्या गायकानं बसल्या जागेवरून ती ओळ उचलली आणि पुरी केली. लोकांना वाटलं, ठरवूनच केलंय. टाळ्या पडल्या.

परतताना दादानं सांगितलं, घशात गाठी झाल्यात, डॉक्टरनं वरच्या सुरात गायचं बंद केलंय; आळेफाट्याला त्या गायकाला तेच सांगत होतो.

"त्याला सांगितलंस. मला का नाय?" मला रडूच फुटलं.

"तुजा इस्वास बसला असता व्हय? म्हनला असता, बहाना करतोय, त्यांच्यात चाललाय."

आठवडाभर आईला मी हेच सांगत होतो.