दखनीचा पेपर कुणाचा

नोकरी लागून मला जेमतेम सहा महिने झाले होते. विद्यापीठात इतिहास शिकवत होते आणि कुणी 'मॅडम' म्हटलं की अजून मागं वळून बघत होते. त्या चैत्रात वरच्या ऑफिसातून एक कागद आला. बी.ए.च्या तिसऱ्या वर्षासाठी मराठी आणि उर्दू या दोन्ही विभागांनी दखनी भाषेचा पेपर मांडला होता, आणि दोन्ही पेपर जवळजवळ सारखेच होते. एकच ठेवायचा. कुणाचा, ते दोन्ही विभागप्रमुखांनी बसून ठरवावं आणि बैठकीचं इतिवृत्त मी लिहावं. मला निवडलं, कारण मी कुणाच्या बाजूची नव्हते. खरं तर तोवर मला बाजूच कळत नव्हत्या.

बैठका उर्दू विभागात, दुपारी तीनला. ती खोली आता आठवते ती पाण्याखाली असल्यासारखी. खिडक्यांना हिरवट काचा होत्या. बाहेर कडुनिंब मोहरला होता, त्याचा वास आत येऊन कागदांवर बसायचा. मागचे लेण्यांचे डोंगर उन्हात कधी जवळ यायचे, कधी लांब जायचे. मी लिहिता लिहिता कुठंतरी निघून जायची आणि परत यायची, तेव्हा दोघं अजून त्याच वाक्यावर असायचे.

उर्दूचे सर पंचावन्न ओलांडलेले, याच शहरात वाढलेले. शर्टाचं गळ्यापर्यंतचं बटण नेहमी लावलेलं, आवाज इतका हळू की पुढं वाकून ऐकावं लागे. मराठीचे सर त्यांच्याहून पंधराएक वर्षांनी लहान. फुलंब्रीच्या बाजूच्या एका शेतकरी घरातले, रोज एस.टी.नं येणारे. ते बोलले की खोलीभर ऐकू जायचं.

"दखनीतलं 'नक्को' आलं कुठून?" ते विचारायचे. "आमच्या 'नको'तून. मग पेपर आमचा."

"हौ, तुमच्यातून आलं," उर्दूचे सर म्हणायचे. "आन् तुमचं 'हजेरी', 'दप्तर', 'कागद' कुठून आलं साहेब? मी मागतो का परत?"

दोन बैठका अशा गेल्या. मी इतिवृत्तात 'चर्चा झाली' एवढंच लिहिलं. उर्दूच्या सरांची अडचण त्यांनी स्वतः कधी काढली नाही, पण मला दिसत होती. त्यांच्या विभागात मुलं दरवर्षी कमी होत होती. हा पेपर गेला असता तर तिसऱ्या वर्षाला शिकवायला फारसं काही उरलं नसतं.

तिसऱ्या दिवशी ते चष्मा घरी विसरून आले. पुढ्यात त्यांच्या पेपरचा आराखडा होता, त्यांच्याच अक्षरात, उर्दू लिपीत. मला तो मराठीत लिहून घ्यायचा होता. त्यांनी कागद डोळ्यांपासून लांब धरला, मग जवळ आणला, मग ओशाळून हसले. "उद्या करूया, बाई. आज अक्षरं माशांसारखी पळायलीत."

मराठीच्या सरांनी हात पुढं केला. "द्या हिकडं."

त्यांनी कागद घेतला आणि उजवीकडून डावीकडं वाचायला सुरुवात केली. पहिल्या ओळीत दोनदा अडखळले. तिसऱ्या ओळीपासून आवाज बदलला, बारीक झाला. शाळेत उभं राहून धडा म्हणावा तसा एका लयीत येऊ लागला. मी लिहायचं विसरले. त्यांनी शेवटपर्यंत वाचलं आणि कागद टेबलावर नीट ठेवला.

"तुम्हाला येतं?" उर्दूच्या सरांनी विचारलं.

"तिसरीपर्यंत उर्दूच शाळा होती माझी. निजामाची. मग पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं. वडील म्हणाले, आता हे बंद. पाटी धुतली, ती धुतलीच. इतक्या वर्षांत कुणाला सांगितलं नाय. घरीसुद्धा नाय. मला वाटलं होतं, गेलं असंल."

"मी तेव्हा मास्तर होतो," उर्दूचे सर म्हणाले. "खेड्यावरच्या शाळेत. नंतर परत शहरात आलो."

कोणतं खेडं, ते मराठीच्या सरांनी विचारलं नाही. त्या वर्षी कुणाच्या घरानं काय पाहिलं, हेही दोघांपैकी कुणी काढलं नाही. मग उर्दूचे सर म्हणाले, "एक शब्द तुम्ही चुकीचा वाचला. दुसऱ्या ओळीत."

"सांगा ना."

त्यांनी सांगितला. मराठीच्या सरांनी तो दोनदा म्हटला.

त्यानंतर ठरवायला अर्धा तास लागला. पेपर एकच, पण दोघांच्या नावानं. पहिलं सत्र मराठीनं शिकवायचं, दुसरं उर्दूनं, आणि उत्तरं कोणत्याही लिपीत चालतील. ऑफिसातून शंका आली, असे पेपर तपासणार कोण? दोघांनी लिहून दिलं, आम्ही एकत्र बसून तपासू. आणि काही वर्षं, उर्दूचे सर निवृत्त होईपर्यंत, ते खरंच तसे बसले. पुढं अभ्यासक्रम पुन्हा बदलला, तेव्हा तो पेपर कुणी वाचवला नाही.

मी मात्र त्या चैत्रातच उर्दूच्या सरांना म्हटलं, "मलाही शिकवा." मराठवाड्याचा इतिहास शिकवत होते आणि इथल्याच कागदांपुढं मी अडाणी होते. आठवड्यातून एकदा त्या हिरव्या उजेडात मी अलिफ, बे गिरवू लागले. चुकले की सर रागवायचे नाहीत, नुसते डोंगराकडं बघत बसायचे. मग मीच खोडून पुन्हा लिहायची.

पुष्कळ वर्षांनी पैठणला एका विणकराच्या घरी गेले होते. त्यांनी माळ्यावरून उर्दू लिपीतली एक चिठ्ठी काढली. तीन पिढ्या सांभाळलेली, पण घरात कुणालाच वाचता न येणारी. जप्तीचं काही असेल, अशी त्यांना भीती होती. मी दाराशी उजेडात बसून वाचली. कुण्या घरात लग्न होतं आणि नवरीच्या पैठणीसाठी रंग कळवले होते. मी एकेक रंग मोठ्यानं सांगत गेले. पदराला डाळिंबी, काठाला राघूचा हिरवा. मागावर बसलेल्या बाईंचा हात थांबला होता. "हिरवा कसा म्हणलाय, परत सांगता?" त्यांनी विचारलं, आणि मी ती ओळ परत पहिल्यापासून वाचली.