तिसरी हाक

या ग्रुपवर मी तीन वर्षं नुसती वाचक आहे, आणि खरं सांगायचं तर इथल्या निम्म्या अनुभवांना मनातल्या मनात हसलेली आहे. पांढरी साडी, पैंजणांचा आवाज, चौकातलं लिंबू... अहो, एवढी भुतं असती तर कोथरूडमध्ये त्यांनाही पार्किंग मिळालं नसतं! माझा असल्या कशावर विश्वास नव्हता. आता आहे का, तेही धड सांगता येत नाही. पण कोणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाहीये. लांबलं तर सांभाळून घ्या.

माझं सासर वाघोलीचं. पूर्वी शेती होती, आता आजूबाजूला टॉवर्स आणि मधे आमचं चार खोल्यांचं घर. तिथे धाकटे दीर, त्यांची बायको रेखा आणि सासूबाई राहतात. आम्ही दोघं नोकरीपायी कोथरूडला. रेखा मला 'आक्का' म्हणते. म्हणजे म्हणायची... कारण हे घडलं तेव्हा आमचं बोलणं बंद होऊन दीड वर्ष झालं होतं.

कारणही सांगते, माझी लाज निघाली तरी चालेल. सासूबाईंचा खुबा मोडल्यापासून त्यांना रात्री दोन-तीनदा धरून बाथरूमला न्यावं लागतं. त्यांची हाक ऐकू यावी म्हणून रेखा पलंगाशेजारी जमिनीवर झोपायची. एकदा फोनवर म्हणाली, "आक्का, सहा महिने तरी आईंना तुमच्याकडं न्या. माझी कंबर पार गेली." मी काय म्हणावं? "आमची लिफ्ट सारखी बंद असते, आणि मला ऑफिस असतं बाई. तुझ्यासारखी घरी नसते मी." त्यानंतर तिचे फोन यायचे, मी उचलायचे नाही. ती बोलली म्हणून नव्हते चिडले, खरं बोलली म्हणून चिडले होते.

आणखी एक गोष्ट. सासूबाईंचा नियम असा, की कोणी हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, दुसरीलाही नाही. 'ते' दोनदाच हाक मारतं. तिसरी हाक माणसाचीच. लग्नानंतर आम्ही दोघी जावा यावर पोट धरधरून हसायचो. पण सवय लागते हो! रेखा स्वयंपाकघरातून मुद्दाम ओरडायची, "आक्का... आक्का... आक्काऽऽ, झाली तिसरी, आता तरी उठा!"

गेल्या ऑगस्टमध्ये एका पहाटे रेखाच्या पोटात कळा सुरू झाल्या. आधी सगळ्यांना वाटलं ॲसिडिटी. मग तिच्या पापण्या मिटायला लागल्या, जीभ जड झाली. दिरांनी तिचं अंथरूण झटकलं, तर खाली मण्यार. ते तिला तडक शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलमध्ये घेऊन आले, हे त्यांचं शहाणपण. मी पोचेपर्यंत रेखा आयसीयूत व्हेंटिलेटरवर होती.

मण्यारीच्या विषाने माणूस लुळा पडतो. इंजेक्शनं दिली तरी लुळेपणा जायला दिवस लागतात. पापणी उघडत नाही, बोट हलत नाही, श्वास मशीन देतं. तिच्याकडे बघून दीर भिंतीला टेकले. "वहिनी, गेली का हो ती?"

"कोण गेलं?" मागून आवाज आला. त्या शेख सिस्टर. पन्नाशीच्या, भवानी पेठेतल्या, आणि जीभ माझ्यापेक्षा तिखट. "पेशंटच्या उशाशी असलं बोलायचं नाही. त्यांना सगळं ऐकू येतंय, फक्त उत्तर देता येत नाहीये." मग रेखाच्या कानाशी वाकून एकदम वेगळ्याच स्वरात, "रेखाताई, आता डोळ्यांत मलम घालतेय हं. गार लागेल."

दर वेळी असंच. कूस बदलताना सांगायच्या, नळीतला कफ ओढताना सांगायच्या. मला त्यांनी टाचांखाली उशी कशी द्यायची, ओठ कसे पुसायचे, बोटांना व्यायाम कसा द्यायचा ते शिकवलं. "आणि बोलत राहा. आज वार कोणता, बाहेर काय चाललंय, काहीही. रडायचं असेल तर जिन्यात जाऊन."

मी कसली बोलते! चार दिवस मी रेखाला कर्वे रोडचं ट्रॅफिक सांगितलं. 'चुकलं माझं' एवढे दोन शब्द घशापर्यंत यायचे आणि मी परत मेट्रोवर घसरायचे.

पाचव्या दिवशी सासूबाईंनी दिरांच्या हाती हिरव्या बांगड्या पाठवल्या. वर फोन केला, "सवाशिणीचा हात मोकळा ठिवू नको, माझी शपथ हाय तुला." हॉस्पिटलने तिच्या बांगड्या पहिल्याच दिवशी काढून दिल्या होत्या. मला वाटलं, म्हातारीचं समाधान, जातंय काय आपलं? दुपारच्या भेटीच्या वेळी सिस्टरची पाठ वळल्यावर मी रेखाच्या बोटाला लावलेली ऑक्सिजनची क्लिप काढली, हात उचलून दोन बांगड्या चढवल्या, क्लिप परत लावली आणि मनगटावर चादर ओढली. झालं! बांगड्यांत वायर अडकून क्लिप नीट बसेना. मॉनिटर दर मिनिटाला कोकलायला लागला. सिस्टर दोनदा येऊन बघून गेल्या. "ही क्लिपच बिघडलीय, नवीन आणते," म्हणाल्या. मी तोंड उघडलं नाही. शिकलीसवरलेली बाई, बांगड्या भरत होते हे सांगायची लाज वाटली. वेळ संपली आणि मी खालच्या मजल्यावर नातेवाइकांच्या हॉलमध्ये येऊन बसले.

पिशवीतून केळं काढलं. दुपारचे तीन वाजले असतील. हॉल भरलेला, कोणाचा डबा चाललाय, कोणी मोबाइल बघतंय. आणि मागून स्वच्छ हाक आली, "आक्का."

रेखाचा आवाज. मी वळून पाहिलं. तिथे मला आक्का म्हणणारं कोणीच नव्हतं. म्हटलं, झोप नाही, बीपी वाढलं असेल. तेवढ्यात पुन्हा, जरा खोल गेल्यासारखी, "आक्का..." मी अर्धी उठले. आणि... हसा मला, पण परत बसले. सवयीने म्हणा, स्वतःचीच टिंगल म्हणून म्हणा, पुटपुटले, "तिसरी येऊ दे."

लगेच तिसरी आली. अगदी कानात, रागावून, "आक्का!"

केळं तिथेच पडलं. मी जिन्याने धावत वर गेले, दारावरच्या सिक्युरिटीला ढकलून आत शिरले. बेड तीनचा पेशंट कोसळला होता, सगळे तिथे. इकडे रेखाची नळी मशीनच्या जोडापासून निसटून उशीवर पडलेली, ओठ निळे. बांगड्या भरताना मी तिचा हात उचलला तेव्हाच तो जोड सैल झाला असणार. मॉनिटर ओरडत होता, पण तो तासभर उगीच ओरडतच होता ना... माझ्यामुळे.

मी किंचाळले. शेख सिस्टर धावत आल्या, हाताने फुगा दाबून श्वास द्यायला लागल्या. "रेखाताई, आहे मी, आहे मी इथे." हळूहळू आकडे वर चढले. मग त्यांनी चादर बाजूला केली आणि बांगड्या पाहिल्या. एकेक काढून माझ्या हातात ठेवल्या. त्यांनी मुस्कटात दिली असती तरी बरं वाटलं असतं.

नवव्या दिवशी रेखाचं बोट हललं, पुढे चार दिवसांनी नळी निघाली. हाकांचं मी कोणालाही बोलले नव्हते, घरी ह्यांनासुद्धा नाही.

आवाज फुटल्यावर मी तिला पेज भरवत होते. ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "आक्का, नळी निसटली तवा मी तुम्हाला हाका मारल्या."

"कशा मारशील गं? घशात नळी होती तुझ्या."

"ते मला न्हाई माहीत. तुम्ही दिसत होता. खाली बसलेल्या, हातात केळं. उठलात, परत बसलात. म्हणालात, तिसरी येऊ दे."

मी पेज बाजूला ठेवली. मी तिचे दोन्ही हात धरले आणि भर वॉर्डात ढसाढसा रडले. "चुकलं गं माझं. सगळंच चुकलं. फोन उचलायला हवे होते मी."

"असू द्या. आलात ना."

"तिसऱ्या हाकेला आले. केवढ्यांदा ओरडलीस, बाई!"

"तिसरी? मी दोनच मारल्या, आक्का. तुम्ही परत बसलात तवाच माझा श्वास संपला होता."

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, ऑक्सिजन कमी पडला की पेशंटला भास होतात. असतील. पण मग मी पुटपुटलेलं तिला कसं कळलं? आणि केळं? कोणाला काही सुचत असेल तर सांगा, मला अजून काही सुचलेलं नाही.

दिवाळीपासून सासूबाई आमच्याकडे आहेत. लिफ्ट अजूनही बंदच असते. त्यांनी हाक मारली की मी पहिल्या हाकेलाच जाऊन उभी राहते, तर त्या माझ्यावरच ओरडतात, "अगं, तिसरी तरी होऊ दे की! तिसरी माणसाचीच असती."

मी त्यांना धरून उठवते.