ऐंशी, आरामात

नाव: श्री. शामसुंदर नत्थूजी घाटबांधे. वय: एकाहत्तर. मूळ जिल्हा: भंडारा. निवास: पूर्वी भिलाई सेक्टर ६, कंपनी क्वार्टर, सध्या रिसाली, स्वमालकीचे. सेवा: पोलाद कारखान्यात मापन-उपकरणे विभाग, चौतीस वर्षे, निष्कलंक. वाहन: जर्मन बनावटीची डिझेल मोटार, सन १९७६, रंग बिस्किटी. अपघात: निरंक. दंड: निरंक. रकाना सात, मालकाचा आरामदायी वेग: ताशी ऐंशी किलोमीटर.

हा मजकूर घाटबांधेंनी स्वतःच भरला होता, स्वतःच तपासला होता आणि खाली स्वतःच सही ठोकली होती. जुन्या जर्मन गाड्या बाळगणाऱ्या चौदा जणांचा भिलाई-दुर्ग-रायपूर मिळून एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. दुर्गचे वकील भय्याजी त्याचे अ‍ॅडमिन. ग्रुपला पाच वर्षं झाली म्हणून स्मरणिका काढायचं त्यांच्या मनात आलं आणि त्यांनी सगळ्यांना हा फॉर्म पाठवला. बाकीच्या रकान्यांत कोणाला रस नव्हता. चर्चा झाली ती सातव्यावर. रायपूरच्या भैयालालांनी एकशे वीस लिहिलं, मूड असेल तर जास्त, अशी पुरवणी जोडली. त्यांची गाडी दोन वर्षांपासून विटांवर उभी होती. एका डॉक्टरांनी नव्वद लिहून पुढं हात जोडले. घाटबांधेंनी ऐंशी लिहिलं आणि ग्रुपवर कळवलं की गाडी त्याहून पुष्कळ जास्त जाऊ शकते, पण मालकाला शोभेल इतकंच जावं.

हा आकडा काही त्यांनी हवेतून काढला नव्हता. अकरा वर्षं ते रिसालीहून सेक्टर सहाच्या बाजारापर्यंत आणि तिथून सिव्हिक सेंटरपर्यंत त्याच वेगानं जात होते. रस्ता मोकळा असला की काटा ऐंशीवर नेऊन ठेवायचा आणि मग तो हलू द्यायचा नाही. इंजिनाचा आवाज नाही, खिडकीला थरथर नाही. ऐंशीच्या वेगात कुजबुजत बोलता येतं ही जर्मन गाडीची खूण, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

काट्याबद्दल तर प्रश्नच नव्हता. कारखान्यात त्यांनी तापमानाचे, दाबाचे, वजनाचे हजारो काटे तपासून बसवले होते आणि एकही परत आला नव्हता. ही विद्या त्यांना शिकवली फकिराजी नावाच्या जुन्या मिस्त्रीनं. फकिराजी सांगायचे, बाबू, मीटर परत लावताना दहा टक्के वर दाखवू दे. खरं बोलून माणूस जळण्यापेक्षा मीटर थोडं भेकड असलेलं बरं. कारखान्यात त्यांच्यावर तपासनीस होता, तो ते दहा टक्के शांतपणे काढून टाकायचा. घरी तपासनीस नव्हता. गाडीचं मीटर जुनं, त्यात धूळ जायची, काच आतून धुरकटायची. मग घाटबांधे ते काढून स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडत, त्याच्या तारेला चाकाऐवजी ड्रिल मशीन जोडत, वहीतली मागची नोंद बघत आणि तिच्यावर दहा टक्के चढवून मीटर परत बसवत. असं गाडी घेतल्यावर पहिल्याच वर्षात सात वेळा झालं, हौस नवी होती. टेबल त्यांच्या पत्नीचं, विजयाबाईंचं, म्हणून सातही वेळा त्या दिवशी घरात खिचडी झाली.

त्या वेगाचे परिणाम दोन होते. एक सार्वजनिक. रिसालीच्या रस्त्यावर सगळं गाव त्यांना ओव्हरटेक करून जात असे. पलीकडच्या गल्लीतल्या रत्नमालाबाई, निवृत्त मुख्याध्यापिका, वय अडुसष्ट, भजनाला स्कूटीवरून जात, त्याही. ऐंशीच्या गाडीला मागं टाकणारी स्कूटी निदान पंच्याण्णवला असणार, हा हिशेब सरळ होता. घाटबांधेंनी त्यांना एकदा फाटकाशी गाठून वय, हाडं आणि नातवंडं या तीन मुद्द्यांवर समजावलं. रत्नमालाबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि नंतर विजयाबाईंना हळूच विचारलं, भाऊजींची तब्येत बरी हाय ना? तेवढ्यावर न थांबता घाटबांधेंनी नगर निगमला अर्ज दिला, की या मार्गावर ताशी शंभर ते सव्वाशे वेगाने वाहने धावतात, त्यांत महिला व ज्येष्ठ नागरिक आघाडीवर आहेत, तरी गतिरोधक बसवावेत. अर्जाची पोच त्यांनी प्लास्टिकच्या फाइलीत ठेवली.

दुसरा परिणाम घरातला होता. विजयाबाई त्या गाडीत बसत नसत. ते पहिलं वर्ष सरता सरता दोनदा बसल्या. दोन्ही वेळा त्यांनी रस्त्याकडं पाहिलं नाही, काट्याकडं पाहिलं. दाराची मूठ धरली आणि घर येईस्तोवर सोडली नाही. मग त्यांनी सांगून टाकलं, परत बसणार नाही. तुमसरला माहेर, तिथं वर्षातून दोन-तीनदा जाणं होई. त्या दुर्गहून रेल्वेनं जात आणि घाटबांधे त्यांना स्टेशनवर सोडायला ऑटोनं जात, कारण स्टेशनपर्यंतही त्या गाडीत बसायला तयार नव्हत्या. ही गोष्ट घाटबांधेंना लागली होती. रिटायरमेंटच्या पैशातून त्यांनी गाडी घेतली ती शेजारच्या त्या एका सीटकडं बघून. तुमसरच्या घरापुढं बिस्किटी गाडी उभी राहील, विजया दार उघडून उतरेल, मेहुणे काही बोलणार नाहीत पण गाडीभोवती एक चक्कर मारतील. अकरा वर्षांत हे चित्र एकदाही हललं नव्हतं आणि गाडीही तुमसरकडं हलली नव्हती.

जानेवारीत भय्याजींनी स्मरणिकेच्या निमित्तानं भिलाई ते राजनांदगाव अशी रविवारची फेरी ठरवली, आणि सगळ्यांत समंजस वेग घाटबांधेंचा म्हणून त्यांची गाडी सर्वांत पुढं, मागच्यांनी तोच वेग धरायचा, असं जाहीर केलं, तेव्हा घाटबांधेंना त्यात आपली संधी दिसली. फेब्रुवारीत तुमसरला विजयाबाईंच्या भाचीचं लग्न होतं. त्यांनी बायकोला एकच विनंती केली. एक दिवस बस. हायवे आहे, वळण नाही, मागं पाच गाड्या सोबतीला आहेत. भीती वाटली तर आयुष्यात परत म्हणणार नाही, लग्नालाही ऑटोनं स्टेशनवर सोडून येईन.

विजयाबाईंनी दोन दिवस घेतले. मग म्हणाल्या, "बसतो. पन मृणाल मागं बसंल."

मृणाल ही मुलगी, रायपूरला बँकेत असते. ती शनिवारी आली. आईला काही झालं तर धरायला आपल्याला बोलावलंय हे तिला कळलं होतं, आणि बाबांना काही झालं तर काय करायचं हे कोणीच सांगितलं नव्हतं.

रविवारी सकाळी सहा गाड्या निघाल्या. दुर्ग मागं पडलं, रस्ता रुंद झाला, घाटबांधेंनी काटा अलगद ऐंशीवर नेला आणि खांदे सैल सोडले. विजयाबाईंनी मूठ धरली. पाच मिनिटांनी मागचा पहिला हॉर्न वाजला. घाटबांधेंनी हात बाहेर काढून अभिवादन केलं. दुसरा वाजला, मग पाचही वाजू लागले. लग्नाच्या वरातीसारखं वाटून राहिलं, असं मृणाल म्हणाली. घाटबांधेंचं मत पडलं की लोकांना शिस्तीची सवय नाही. एक स्कूल बस गेली, ट्रक गेले, मोटरसायकलवर नवरा, बायको, दोन पोरं आणि एक गॅसचं सिलिंडर असं कुटुंब गेलं. सिलिंडर धरलेल्या पोरानं गाडीकडं वळून बराच वेळ पाहिलं.

मग एक दूधवाला आला. जुनी मोपेड, दोन्ही बाजूंना कॅन, धोतर, तोंडात बिडी. तो हळूहळू बरोबरीला आला, विजयाबाईंच्या खिडकीशी क्षणभर रेंगाळला, आत डोकावून गाडीचं नीट निरीक्षण केलं आणि पुढं निघून गेला.

विजयाबाई बराच वेळ त्याच्या पाठीकडं पाहत राहिल्या.

"अहो, हा किती वेगानं गेला असंल?"

घाटबांधेंनी अंदाज घेतला. "नव्वद. जास्तच."

"त्याची बिडी पेटलेली होती."

घाटबांधेंनी काट्याकडं बोट दाखवलं.

"धोतर बी उडत नव्हतं," विजयाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी दाराची मूठ सोडली.

मागच्या सीटवर मृणालनं फोन काढला. रस्ता दाखवणारं जे असतं त्यात वेगही दिसतो. तिनं एकदा पाहिलं, बाहेर पाहिलं, परत फोन पाहिला.

"बाबा, ये तो एक्केचाळीस बता रहा है."

घाटबांधेंनी शांतपणे समजावलं की फोनचा हिशेब वरून, उपग्रहातून होतो आणि एवढ्या लांबून चूक होणारच. उलट हा काटा थेट चाकाला जोडलेला आहे. बोलता बोलता त्यांचा आवाज आपोआप खाली येत गेला. रस्त्याकडेला किलोमीटरचे दगड होते. चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या काट्यांवर शंका घेऊन पगार मिळवलेला माणूस एका दगडापासून दुसऱ्यापर्यंत मनगटावरच्या घड्याळाकडं बघत राहिला. ऐंशीच्या वेगात दगडाला दगड पंचेचाळीस सेकंदांत भेटायला हवा. अठ्ठ्याऐंशी सेकंद लागले. त्यांनी पुढच्या दगडाला परत मोजलं. पुन्हा अठ्ठ्याऐंशी.

राजनांदगावच्या अलीकडं चहाची टपरी होती, तिथं त्यांनी गाडी बाजूला घेतली. मागच्या पाचही आल्या. लोक उतरले ते हसत नव्हते, ही त्यांतली वाईट बाजू होती. त्यांना वाटलं होतं की म्हाताऱ्याला रस्त्यात काहीतरी होऊन राहिलं आहे. डॉक्टर तर बॅग घेऊनच उतरले.

घाटबांधे बॉनेटवर वहीचा कागद ठेवून काहीतरी गुणत होते. ऐंशीला एक पूर्णांक एक दशांशानं भागलं, आलेल्या उत्तराला परत भागलं, असं सात वेळा केलं. उत्तर आलं एक्केचाळीस. त्यांना क्षणभर बरंच वाटलं, कारण गणित बरोबर आलं होतं. मागच्या नोंदीत त्याआधीचे दहा टक्के आधीच घुसलेले आहेत, हे वहीत कुठंच लिहिलेलं नव्हतं. वही लिहिणाऱ्यानं ते डोक्यात ठेवायचं होतं, आणि वही त्यांचीच होती.

भय्याजी कागद बघून समजले. वकील माणूस, त्यांनी लगेच बचाव तयार करून दिला.

"घाटबांधेसाहेब, जर्मन मीटर हाय, पन्नास वर्षांचं. बिघडलं असंल. कोन काय म्हनते?"

सोय चांगली होती. सगळ्यांनी माना डोलावल्या. घाटबांधेंनी समोर बघितलं. विजयाबाई गाडीच्या दाराला टेकून मिरचीचं भजं खात होत्या आणि त्यांच्याकडंच पाहत होत्या. काट्यावर विजयाबाईंचा एवढा विश्वास का होता हे घाटबांधेंना तेव्हा कळलं. काटा जर्मन होता म्हणून नव्हे. तो या माणसानं बसवला होता म्हणून.

"नाही जी," घाटबांधे म्हणाले. "मीटर सांगितलं तेच करून राहिलं. दहा टक्के भेकडपना मी भरला त्याच्यात. सात खेपा."

मग तिथं हसू फुटलं आणि सगळ्यात जास्त वेळ तेच हसत होते, कारण त्यांना रत्नमालाबाई आठवल्या. पंच्याण्णवला पळणारी मुख्याध्यापिका. महिला व ज्येष्ठ नागरिक आघाडीवर. त्यांनी तो अर्ज शब्द न शब्द म्हणून दाखवला, पोचक्रमांकासहित. भैयालाल दुसऱ्याच्या गाडीत बसून आले होते, ते म्हणाले की एकशे वीसबद्दल आपलाही थोडा फेरविचार चालू आहे.

विजयाबाई मात्र हसल्या नाहीत. परतीच्या वाटेवर दुर्ग येईपर्यंत त्या काट्याकडं पाहत होत्या. काटा ऐंशीवर होता. मग त्या म्हणाल्या, "म्हंजे अकरा वर्षं मी एक्केचाळीसाले भेत होती."

"हो."

"रेल्वेत उभी राहून गेली मी. बाबाच्या तेरवीले."

घाटबांधेंनी काट्यावरची नजर काढून रस्त्याकडं नेली. गाडी चालवत राहिले.

घरी आल्यावर त्यांनी स्क्रू ड्रायव्हर घेतला, मीटर काढायला. विजयाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या आणि टेबल मिळणार नाही म्हणाल्या. त्यांना वाटलं राग आहे. राग होताच, पण टेबलाचं कारण वेगळं होतं.

"तुमसरले जाऊ आपन गाडीनं. काटा तसाच राहू द्या. भाऊले सांगीन, ऐंशीनं आलो, मले काई वाटलं नाही."

घाटबांधेंनी निष्कलंक सेवेचा मुद्दा काढून पाहिला. तो टिकला नाही. शेवटी असं ठरलं की काटा विजयाबाईंचा आणि कागद त्यांचा. त्याच संध्याकाळी त्यांनी रत्नमालाबाईंच्या फाटकाशी जाऊन माफी मागितली; त्यामुळं बाईंची त्यांच्या तब्येतीबद्दलची शंका पक्की झाली. निगमला दुसरा अर्ज गेला, पहिला मागे घेण्याबाबत. भय्याजींना स्मरणिकेसाठी शुद्धिपत्र गेलं: रकाना सात, "ऐंशी" ऐवजी "एक्केचाळीस" वाचावे, चूक मालकाची, वाहनाची नव्हे, सदर दुरुस्ती स्वाक्षरीनिशी प्रमाणित करण्यात येत आहे.

फेब्रुवारीत ते दोघं गाडीनं तुमसरला गेले. रेल्वेनं तीन तास लागतात. त्यांना सहा लागले.