आधी मान्यवर, मग फाट्यावरची बस

निवृत्त झालो तरी मास्तरकी अंगातून जात नाही. म्हणून सीमेपलीकडच्या, कर्नाटकातल्या औरादच्या मुलामुलींना भाषण शिकवायचं मी अंगावर घेतलं. ही पोरं घरात मराठी, बाजारात दखनी आणि वर्गात कन्नड सहज बोलतात. माइक समोर आला की तिन्ही भाषा एकदम गायब होतात.

आमच्याकडे भाषणाचा मुख्य भाग म्हणजे मान्यवरांची नावं. अध्यक्षांपासून खुर्च्या पुरवणाऱ्यापर्यंत सगळ्यांना मानाच्या क्रमाने ‘आदरणीय’ म्हणायचं. एखादा राहिला तर तो आपल्या घरच्या लग्नाला येत नाही. त्यामुळे मीही आधी नावंच घोटून घेई. मिळालेल्या तीन मिनिटांतून जे उरेल, त्यात पोरांनी देशाचं भवितव्य उरकायचं.

त्या वर्षी स्पर्धेला एक मोठे पुढारी येणार होते. सकाळची बस आपल्या गावच्या फाट्यावर थांबत नाही, हे त्यांच्यासमोर मांडायचं एका मुलीने ठरवलं. सरावाला ती नावं घेता घेता मध्येच थांबली.

“सर, रोज पहिला तास बुडायलाय. अप्पा म्हणायलेत, असंच चाललं तर कॉलेज बंद.”

“मग तेच बोल ना.”

“कवा बोलू? नावं घेऊस्तोर घंटी वाजायली की!”

त्यावर मी तिला नावं भरभर म्हणायला शिकवली. श्वास कुठे घ्यायचा तेही सांगितलं.

स्पर्धेच्या दिवशी शाली आणि हारांतच दुपार झाली. तिच्या आधीच्या पठ्ठ्याने सगळी नावं न चुकता घेतली, घंटी वाजली, आणि ‘पर्यावरण’ एवढंच म्हणून तो टाळ्यांच्या कडकडाटात खाली उतरला. मग ती माइकसमोर आली. मी खालूनच ओठ हलवून तिला पहिलं नाव सुचवलं. तेवढ्यात तिने व्यासपीठाकडे वळून हात जोडले.

“समद्यांना शरणु शरणार्थी.”

झाली नावं! बसवण्णांना मानणाऱ्या घरांत लहानथोर सगळे एकमेकांना हेच म्हणतात, आणि समोरच्याने हात जोडून तेच परत म्हणायचं असतं. व्यासपीठावरची अर्धी मंडळी त्याच घरांतली. चरफडत का होईना, त्यांचे हात जुळले, आणि त्यांचं बघून उरलेल्यांचेही.

उरलेला सगळा वेळ ती बसबद्दल बोलली. अडखळत बोलली, पण बोलली. हात केला की ड्रायव्हर कसा मान फिरवतो, मैत्रिणी कशा एकेक करून घरी राहिल्या. शेवटी थेट पुढाऱ्यांना म्हणाली, “साहेब, बस कामून थांबंना, तेवढं सांगा.”

सगळा मंडप त्यांच्याकडे बघत होता. त्यांना ‘थांबेल’ म्हणावंच लागलं. बक्षीस ‘पर्यावरण’वाल्याला मिळालं. मला भयंकर राग आला.

बस मात्र खरंच थांबली. पहिल्या दिवशी फाट्यावर मंडप उभारला, बसला हार घातला, आणि आदरणीयांची नावं सुरू झाली. मुली आत बसलेल्या, ड्रायव्हर शाल पांघरून खाली उभा. तासभर बस हलेना. गर्दीत कॉलेज बंद करायला निघालेले तिचे अप्पा दिसले. मी चिडून म्हणालो, “बघा, आजही पहिला तास बुडाला.”

त्यांनी खिडकीतून लेकीच्या हातात डबा दिला आणि म्हणाले, “आजचा बुडू द्या, सर. उद्या वेळेवर जाईल की.”